निषेधाच्या यादीतील चौथी नोंद : हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, दिल्ली आणि हृदयाची लय

कोविड-१९ च्या प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वापरण्याची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, पहिली सूचना दिल्लीतून निघाली ती २२ मार्च २०२० या तारखेची. हे औषध कोणाला देऊ नये, याची यादी तीत अगदी आटोपशीर होती : डोळ्याच्या पडद्याचा विकार असलेले, आणि या औषधाची किंवा त्याच्या रासायनिक कुळाची ॲलर्जी असलेले. बरोबर दोन महिन्यांनी, २२ मे रोजी, सुधारित सूचना आली तेव्हा यादीत दोन नोंदी वाढल्या होत्या. तिसरी नोंद जी६पीडी या विकराच्या कमतरतेची होती. चौथी नोंद हृदयस्नायूच्या आधीपासूनच्या आजाराची आणि हृदयाच्या लयीच्या विकारांची होती. सोबत ईसीजी केव्हा काढावा, याचेही मार्गदर्शन होते.

ही चौथी नोंद म्हणजे दोन महिन्यांत लागलेला शोध नव्हता. सिंकोनाच्या सालीतून निघालेली आणि तिच्या धर्तीवर प्रयोगशाळेत घडवलेली औषधे हृदयाची लय बदलू शकतात, हे वैद्यकशास्त्राला दीर्घकाळ ठाऊक होते. मग जुनीच माहिती कागदावर येण्यास दोन महिने का लागले, आणि आल्यावर तिचा अर्थ काय लावला गेला? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी ईसीजीच्या कागदाकडे पाहावे लागते.

डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लायडन येथे हृदयाच्या विद्युत्‌लहरी टिपणारे यंत्र सिद्ध केले आणि त्या लहरींना पी, क्यू, आर, एस, टी अशी नावे दिली. क्यूच्या आरंभापासून टीच्या अखेरीपर्यंतचा काळ म्हणजे क्यूटी अंतर. एवढ्या अवधीत हृदयाचे खालचे कप्पे, म्हणजे जवनिका, विद्युत्‌संदेश मिळताच आकुंचन पावतात आणि पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा पूर्वस्थितीला येतात. नाडी जलद असेल तर हे अंतर मुळातच आखडते. म्हणून १९२० साली हेन्री बॅझेट यांनी मांडलेल्या सूत्राने, दोन ठोक्यांमधील सेकंदांच्या वर्गमुळाने भागून, ते दुरुस्त करतात. या दुरुस्त अंतराला क्यूटीसी म्हणतात. पुरुषांमध्ये साधारण ४५० आणि स्त्रियांमध्ये ४६० मिलिसेकंदांपर्यंतचे क्यूटीसी स्वाभाविक समजले जाते. ५०० च्या पुढे धोका लक्षणीय वाढतो. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो आणि त्यावरील एक लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे स्वाभाविक आणि धोकादायक यांच्यामध्ये कागदावर जेमतेम एक-सव्वा चौकोनाचे अंतर असते. रुग्णाला हा फरक जाणवत नाही आणि डॉक्टरांना तो नाडी पाहून कळत नाही.

जवनिकांना पूर्वस्थितीला येण्यास उशीर झाला, तर त्या अस्थिर क्षणी एखादा अवेळी ठोका पडून सगळी लय उधळू शकते. १९६६ साली पॅरिसचे हृदयतज्ज्ञ फ्रांस्वा देसेर्तेन यांनी अशा एका लयबिघाडाचे वर्णन केले. आलेखावरील लहरींची टोके एखाद्या दोरीच्या पिळाप्रमाणे वरखाली फिरत जात होती. त्यांनी त्याला ‘तोर्साद द प्वाँत’, म्हणजे टोकांचा पीळ, असे नाव दिले. त्यांच्या रुग्णेचा दोष औषधाचा नव्हता, तिच्या हृदयातील विद्युत्‌मार्गच खंडित झाला होता. पण पुढे हे नाव औषधांमुळे होणाऱ्या लयबिघाडाशी कायमचे जोडले गेले. हा बिघाड पुष्कळदा काही सेकंदांत आपोआप थांबतो आणि रुग्णाला केवळ भोवळ येते. थांबला नाही तर मृत्यू ओढवतो.

सिंकोना आणि हृदय यांचा संबंध याहून जुना आहे. १९१२ साली एका डच व्यापाऱ्याने कारेल वेंकेबाख या हृदयतज्ज्ञांना सांगितले की, क्विनीन घेतले की आपली अनियमित झालेली नाडी पूर्ववत होते. वेंकेबाख यांनी ही हकीकत १९१४ मध्ये नोंदवली. १९१८ मध्ये वॉल्टर फ्राय यांनी सिंकोनातील निरनिराळी द्रव्ये तपासली, तेव्हा क्विनिडीन हे क्विनीनचे भावंड सर्वांत प्रभावी ठरले. मलेरियाच्या झाडातून हृदयाचे औषध मिळाले. परंतु जे औषध लय सुधारते तेच ती बिघडवूही शकते. क्विनिडीन घेणारे काही रुग्ण अचानक बेशुद्ध पडत. १९६४ मध्ये सेल्झर आणि रे यांनी दाखवून दिले की, या बेशुद्धीमागे जवनिकांची भरकटलेली लय असते.

यामागची यंत्रणा उलगडण्यास आणखी तीन दशके लागली. हृदयाच्या पेशी पूर्वस्थितीला येतात त्या पोटॅशियमचे कण बाहेर सोडून. त्या कणांच्या वाटांपैकी एक वाट एचईआरजी या जनुकाने घडवलेली असते, हे १९९५ च्या सुमारास स्पष्ट झाले. या वाटेची रचना अशी आहे की आकाराने, गुणधर्माने आणि उपयोगाने परस्परांशी संबंध नसलेली कित्येक औषधे तिच्यात अडकून बसतात. सर्दी-ॲलर्जीवरील टर्फेनाडीन हे लोकप्रिय औषध याच कारणाने १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले. २००५ पासून नव्या औषधाची क्यूटी अंतरावरील परिणामासाठी स्वतंत्र चाचणी करण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत रूढ झाली. क्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र या पद्धतीच्या कितीतरी आधी वापरात आली होती.

क्लोरोक्विन १९३४ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत हान्स आंडरसाग यांनी तयार केले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे त्याचे तुलनेने सौम्य रूप १९५५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. भारतात १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि क्लोरोक्विनची कडू गोळी पुढे खेड्यापाड्यांत पोहोचली. या लढ्यातील एक प्रमुख संस्था, मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, दिल्लीतच होती. १९६३ मध्ये तिचेच रूपांतर राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेत झाले. संधिवात आणि ल्युपसचे रुग्ण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षे घेत आले. त्यांच्या डोळ्यांची तपासणी नियमाने होत असे. ईसीजीचा आग्रह तेवढा नसे. २०२० च्या पहिल्या यादीत डोळ्याला मान मिळाला आणि हृदयाला नाही, याचे मूळ बहुधा या दीर्घ परिचयात असावे. औषध ओळखीचे होते. पण ते ज्या माणसांना आणि ज्या परिस्थितीत दिले जाणार होते, ती परिस्थिती अनोळखी होती.

२०२० च्या फेब्रुवारीत वुहानच्या संशोधकांनी क्लोरोक्विन आणि रेमडेसिव्हिर ही औषधे परीक्षानळीतील पेशींमध्ये नव्या विषाणूला रोखतात, असे कळवले. मार्चमध्ये मार्सेल येथून ३६ रुग्णांवरील एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला ॲझिथ्रोमायसिनची जोड दिली होती. हा अभ्यास पुढे, डिसेंबर २०२४ मध्ये, नियतकालिकाने मागे घेतला. पण त्या वसंतात त्याने जगाचे लक्ष वेधले होते. भारतात जयपूरला इटालियन पर्यटकांवर एचआयव्हीवरील लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर ही जोडी वापरून झाली होती. हृदयातील विद्युत्‌वहनावर परिणाम करणाऱ्या औषधांत तिचीही गणना होते. म्हणजे साथीच्या पहिल्या काही आठवड्यांत हाताशी असलेल्या तीन औषधांपैकी तिन्हींचा संबंध हृदयाच्या लयीशी पोहोचत होता.

आयसीएमआरची २२ मार्चची सूचना संशयित वा बाधित रुग्णांची सेवा करणाऱ्या, पण लक्षणे नसलेल्या आरोग्यसेवकांसाठी आणि बाधितांच्या घरातील लक्षणरहित माणसांसाठी होती. पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा ४०० मिलिग्रॅम; आरोग्यसेवकांनी सात आठवडे, घरातल्यांनी तीन. ही मात्रा मोठी नव्हती. आठ आठवड्यांत आरोग्यसेवकाच्या पोटात ३,६०० मिलिग्रॅम औषध जात असे; रोज ४०० मिलिग्रॅम घेणाऱ्या ल्युपसच्या रुग्णाच्या पोटात तेवढ्याच काळात २२,४०० मिलिग्रॅम जाते. सूचनेने औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घेण्यास बजावले होते. तरी लोक औषधाच्या दुकानांकडे धावले आणि २६ मार्चला केंद्र सरकारला हे औषध शेड्यूल एच-१ च्या अटींखाली आणावे लागले. या अटींनुसार विक्रेत्याला रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती तीन वर्षे जपावी लागते. मुंबईत धारावी आणि वरळी येथे हे औषध मोठ्या प्रमाणावर वाटण्याची योजना एप्रिलमध्ये पुढे आली आणि नंतर थांबवण्यात आली.

प्रतिबंधाची मात्रा लहान होती, पण ३१ मार्चच्या उपचारपद्धतीने चित्र बदलले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि ॲझिथ्रोमायसिन ही जोडी सुचवली. येथे धोक्याचे गणित बेरजेचे होते. दोन्ही औषधे क्यूटी लांबवू शकतात. गंभीर रुग्णाच्या रक्तातले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम अनेकदा घसरलेले असते, त्यानेही क्यूटी लांबते. विषाणूमुळे खुद्द हृदयस्नायूला इजा झालेली असू शकते. मूत्रपिंड मंदावले तर औषध शरीरात साचते. आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तसेही आठवडेच्या आठवडे शरीरात राहणारे औषध आहे. तापामुळे नाडी धावत असते, तेव्हा बॅझेटचे सूत्र क्यूटीसी फुगवून दाखवते, त्यामुळे मोजमापही फसवे होते. मिनिटाला ६० ठोके असताना ३७० मिलिसेकंदांचे क्यूटी दुरुस्तीनंतर ३७० च राहते. १०० ठोके असताना तेच ३७० सुमारे ४७८ होते. संधिवाताच्या रुग्णांवरील अनेक दशकांचा अनुभव या खाटेजवळ जशास तसा लागू पडत नव्हता.

या बेरजेचा पहिला स्पष्ट पुरावा ब्राझीलमधील मानाउस येथून आला. २४ एप्रिलला प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत ८१ गंभीर रुग्णांना क्लोरोक्विन दोन वेगवेगळ्या मात्रांत दिले होते. तेराव्या दिवसापर्यंत मोठी मात्रा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के आणि लहान मात्रेतील १५ टक्के रुग्ण दगावले. क्यूटीसी ५०० च्या पुढे जाण्याचे प्रमाणही मोठ्या मात्रेत अधिक होते. मोठ्या मात्रेचा गट मध्येच बंद करण्यात आला. त्याच दिवशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हृदयाच्या लयीविषयी जाहीर इशारा दिला.

भारतातील दुष्परिणामांची मोजणी ज्या संस्थेकडे आहे ती दिल्लीच्या वेशीवर, गाझियाबादला आहे. औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया २०१० साली दिल्लीच्या एम्समधून सुरू झाला आणि २०११ मध्ये त्याचे केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे गेले. २२ मेच्या सूचनेत या यंत्रणेचे आकडे आहेत : प्रतिबंधासाठी औषध घेणाऱ्यांमधील दुष्परिणामांच्या २१४ नोंदी, त्यांतील ७ गंभीर, आणि त्यांपैकी ३ जणांच्या ईसीजीत क्यूटी अंतर लांबलेले. याशिवाय १,३२३ आरोग्यसेवकांच्या पाहणीत मळमळ ८.९ टक्के, पोटदुखी ७.३ टक्के आणि हृदयाशी संबंधित परिणाम १.९ टक्के आढळले होते.

तीन हा आकडा लहान दिसतो आणि तो दिलासा देणाराच ठरला. पण अशा आकड्याचे वाचन दोन प्रश्न विचारूनच करावे लागते. पहिला, एकूण किती जणांनी औषध घेतले? आपखुशीने येणाऱ्या नोंदींमध्ये दुष्परिणाम झालेले दिसतात, औषध घेतलेले सगळे दिसत नाहीत; त्यामुळे शेकडा प्रमाण काढता येत नाही. दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे : किती जणांचा ईसीजी काढला होता? मळमळ रुग्ण स्वतः सांगतो. लांबलेले क्यूटी कोणी सांगत नाही, ते यंत्रालाच विचारावे लागते. पहिल्या दोन महिन्यांच्या सूचनेत ईसीजीच नव्हता. त्यामुळे तीन या आकड्यावरून धोका मोठा होता असे म्हणता येत नाही, आणि तो नव्हता असेही म्हणता येत नाही. २२ मेच्या सूचनेचे खरे महत्त्व येथे आहे. औषध सुरू करण्यापूर्वी ईसीजी काढता येईल, धडधड, छातीत दुखणे किंवा भोवळ आल्यास तो काढावा, आठ आठवड्यांपुढे औषध चालू ठेवण्यापूर्वी काढता येईल आणि औषध चालू असताना कधीतरी एकदा काढावा, असे तिने सांगितले. त्याच सूचनेने औषधाची व्याप्ती मात्र वाढवून कोविडेतर रुग्णालयांतील कर्मचारी, प्रतिबंधित क्षेत्रांतील पाहणी करणारे आणि पोलीस यांच्यापर्यंत नेली.

योगायोगाने त्याच २२ मे रोजी लंडनच्या ‘द लॅन्सेट’मध्ये ९६,०३२ रुग्णांवरील एक लेख प्रसिद्ध झाला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने मृत्यू आणि लयबिघाड दोन्ही वाढतात, असा त्याचा निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीतील या औषधाचा भाग तात्पुरता थांबवला. भारतात या चाचणीचे समन्वयन पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे होते. दिल्लीत आयसीएमआरचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव, जे स्वतः हृदयतज्ज्ञ आहेत, यांनी भारतात मोठे दुष्परिणाम आढळले नसल्याचे सांगून प्रतिबंधक वापर चालू ठेवला. दोन आठवड्यांच्या आत लॅन्सेटचा लेख कोसळला. ‘सर्जिस्फिअर’ या कंपनीने पुरवलेल्या मूळ माहितीची पडताळणीच करता येईना आणि ४ जूनला तो मागे घेण्यात आला. अनेकांनी याचा अर्थ औषध निर्धोक ठरले असा घेतला. तो तर्क चुकीचा होता. धोक्याचा एक पुरावा खोटा निघाल्याने धोका नाही असे सिद्ध होत नाही. फक्त उत्तर अजून मिळायचे आहे, एवढेच सिद्ध होते.

उत्तर यादृच्छिक चाचण्यांनी दिले. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मिळालेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या ३,१५५ रुग्णांपैकी २५ टक्के २८ दिवसांत दगावले. औषधाने कोणी वाचत नव्हते. तेथील मात्रा भारतापेक्षा बरीच मोठी होती. भारतीय उपचारपद्धतीत पाच दिवसांत मिळून जे २,४०० मिलिग्रॅम दिले जात, ते तेथे पहिल्या २४ तासांतच दिले जात. तरीही या चाचणीत गंभीर लयबिघाडांचे प्रमाण औषधाच्या गटात वाढलेले आढळले नाही. म्हणजे देखरेखीखालील रुग्णालयात भीती वाटली होती तेवढा धोका दिसला नाही, आणि आशा वाटली होती तेवढा गुणही दिसला नाही. ‘सॉलिडॅरिटी’तही औषधाच्या गटातील ९४७ पैकी १०४ आणि तुलनेच्या गटातील ९०६ पैकी ८४ रुग्ण दगावले. प्रतिबंधासाठीच्या चाचण्यांचा निकालही वेगळा नव्हता. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिबंधासाठी हे औषध वापरू नये, अशी ठाम शिफारस केली.

दिल्लीतील कागद टप्प्याटप्प्याने बदलत गेले. १३ जून २०२० च्या उपचारपद्धतीतून ॲझिथ्रोमायसिनची जोड गेली, गंभीर रुग्णांत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन टाळण्यास सांगितले गेले आणि औषध देण्याआधी शक्यतो ईसीजी काढून क्यूटीसी ५०० च्या वर असल्यास ते देऊ नये, असे स्पष्ट लिहिले गेले. मे २०२१ च्या अखेरीस आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या मार्गदर्शक सूचनांतून आणि त्या सप्टेंबरमध्ये एम्स-आयसीएमआरच्या सूचनांतून हे औषध पूर्णपणे वगळले गेले.

या इतिहासात खलनायक शोधण्याचे कारण नाही. मार्च २०२० मध्ये लस नव्हती, औषध नव्हते आणि रुग्णालयांतील माणसे रोज धोक्यात उतरत होती. पण औषधाचा धोका एकट्याने तोलता येत नाही, तो गुणाच्या समोरच ठेवावा लागतो. मलेरियात किंवा ल्युपसमध्ये गुण सिद्ध आहे, म्हणून क्यूटीचा थोडासा धोका पत्करणे शहाणपणाचे असते. गुण शून्य ठरल्यावर तोच थोडासा धोकाही जास्त होतो. आणि गुण आहे की नाही हे ठाऊक नसलेल्या काळात, धोका निदान मोजत राहणे एवढे तरी हातात असते.

हा प्रश्न हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबरोबर संपलेला नाही. रेमडेसिव्हिरच्या माहितीपत्रकात हृदयाचे ठोके मंदावण्याची नोंद आहे. कोविडवरील निर्मात्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर ही जोडी लयीवरच्या अमिओडॅरोनसारख्या औषधांची रक्तातील पातळी वाढवते, म्हणून ती दोन्ही एकत्र देऊ नयेत असे तिच्या पत्रकात लिहिलेले असते. पुढच्या साथीतही पहिल्या आठवड्यांत जुनीच, ओळखीची औषधे पुढे येतील, कारण तीच हाताशी असतात. त्या वेळी निघणाऱ्या पहिल्याच सूचनेत ईसीजीची ओळ असावी. त्यासाठी लागणारे यंत्र तालुक्याच्या रुग्णालयातही असते, आणि मोजायचा असतो तो फरक एक-सव्वा चौकोनाचा.